रूळ उठले, वाट राहिली

एखाद्या गांवीं आगगाडी प्रथम येते तेव्हां पताका लागतात, बँड वाजतो, पुढारी भाषणें करतात. तीच आगगाडी बंद होते तेव्हां बहुधा कोणी भाषण करीत नाहीं. शेवटची गाडी निघून जाते, कांहीं महिन्यांनीं कंत्राटदाराचीं माणसें येऊन रूळ उचलतात, स्लीपर विकले जातात, मालधक्क्यावरील पत्र्याचें गोदाम कोणी शेतकरी स्वतःच्या वापरासाठीं घेऊन जातो. आणि मागें उरते ती खडीची एक लांबच लांब, अरुंद पट्टी. या पट्टीचें पुढें काय करावयाचें, हा प्रश्न गेल्या साठ-सत्तर वर्षांत इंग्लंड, अमेरिका, स्पेन, आयर्लंड, न्यूझीलंड अशा अनेक देशांपुढें उभा राहिला. त्याचें एक उत्तर असें निघालें कीं, ती पट्टी पायीं चालणारांसाठीं व सायकलस्वारांसाठीं मोकळी करावी. अमेरिकेंत व न्यूझीलंडमध्यें अशा वाटेस ‘रेल-ट्रेल’ म्हणतात; आयर्लंडमध्यें ‘ग्रीनवे’, म्हणजे हरितमार्ग, हें नांव रूढ आहे; आणि स्पेनमध्यें १९९३ पासून याच अर्थाच्या ‘व्हियास व्हेर्देस’ या नांवानें जुने लोहमार्ग प्रवाशांसाठीं खुले होत आले आहेत.

उत्तर सोपें दिसतें. परंतु तें एका अटीवर अवलंबून आहे, आणि ती अट लोहमार्ग बंद पडण्याच्या त्या उदास दिवसांतच पाळली जाते किंवा मोडली जाते. ती अट म्हणजे पट्टी अखंड राहिली पाहिजे. शंभर मैलांच्या वाटेंतून अर्धा मैल जरी कोणीं नांगरून टाकला, तरी उरतात ते दोन निरुपयोगी तुकडे. या अटीचें महत्त्व न्यूझीलंडच्या दक्षिण बेटांतील ओटागो प्रांताच्या उदाहरणावरून जितकें स्पष्ट होतें, तितकें क्वचितच दुसऱ्या कोठें होत असेल.

ओटागोंत १८६१ मध्यें सोनें सांपडलें आणि ओसाड डोंगरांत एकाएकीं माणसांची झुंबड उडाली. समुद्रकिनाऱ्यावरील डनेडिन शहरापासून या अंतर्भागाकडे लोहमार्ग न्यावयाचें ठरून १८७९ मध्यें काम सुरू झालें; पण टायरी नदीची खिंड इतकी अवघड कीं, रूळ मिडलमार्च या गांवीं पोंचावयास १८९१ साल उजाडलें. पुढें रॅनफर्ली १८९८ मध्यें, क्लाइड १९०७ मध्यें आणि शेवटचें स्टेशन क्रॉमवेल १९२१ मध्यें जोडलें गेलें. कुदळ, फावडें आणि सुरुंगाची दारू एवढ्या साधनांवर चाललेल्या या कामास बेचाळीस वर्षें लागलीं, आणि तोंवर सोन्याचा भर ओसरून गेला होता. मग या मार्गानें मेंढ्या नेल्या, लोकर नेली, कोळसा नेला, जर्दाळूच्या पेट्या नेल्या. गांवोगांवची टपाल-पिशवी आणली. स्टेशनाभोंवतीं खानावळ, दुकान, शाळा अशी लहान लहान वस्ती उभी राहिली.

या मार्गाचा अंत हळूहळू झाला. उतारूंची गाडी १९७६ मध्यें थांबली. क्लाइड येथें नदीवर मोठें धरण बांधावयाचें ठरल्यामुळें त्याच्या वरचा, क्रॉमवेलपर्यंतचा भाग १९८० मध्यें बंद झाला. न्यूझीलंडमध्यें लांबच्या मालवाहतुकीस आगगाडीचें संरक्षण मिळावें म्हणून मोटार-ट्रकांवर अंतराची मर्यादा घातलेली होती. ती १९८३ पर्यंत उठली आणि शेतमाल रस्त्यावर गेला. उरलेल्या मार्गावर अखेरचें मोठें काम म्हणजे त्याच धरणाचें अवजड सामान पोंचविणें. तें संपलें आणि ३० एप्रिल १९९० रोजीं मार्गहि संपला.

याच सुमारास, म्हणजे १९८४ नंतर, न्यूझीलंडच्या सरकारनें शेतीस मिळणारीं अनुदानें काढून घेतलीं. मेंढपाळीवर जगणाऱ्या या गांवांना हा दुसरा तडाखा होता. तरुण माणसें शहरांकडे गेलीं. अशा वेळीं रूळ उठलेल्या पट्टीचा प्रश्न पुढें आला. डनेडिनकडील मिडलमार्चपर्यंतचा भाग डनेडिन नगरपालिकेनें विकत घेतला व प्रेक्षणीय खिंडीतील सहलीच्या गाड्यांसाठीं तेथील रूळ तसेच राखले. मिडलमार्च ते क्लाइड हा १५२ किलोमीटरांचा, म्हणजे सुमारे ९४ मैलांचा भाग, मात्र उघडा पडला होता. तो १९९३ मध्यें सरकारच्या निसर्गसंरक्षण खात्यानें एकसंध आपल्या ताब्यांत घेतला. पुढल्या वर्षीं स्थानिक लोकांचें एक विश्वस्त मंडळ स्थापन झालें. त्यानें पैसा उभा केला. जुन्या पुलांवर लाकडी फळ्या बसविल्या, दोन्ही बाजूंस कठडे लावले, मोठ्या खडीवर बारीक खडी पसरून ती दाबून घेतली आणि फेब्रुवारी २००० मध्यें संपूर्ण वाट खुली झाली.

आतां, आगगाडीसाठीं बांधलेली वाट सायकलस्वारास इतकी मानवते कां, याचें कारण पाहण्यासारखें आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फारच थोड्या घर्षणानें फिरतें. म्हणून सपाटीवर एकच इंजिन शेंकडों टन ओढतें. पण याच गुळगुळीतपणामुळें चढावर त्याची पकड सुटते. पन्नास फूट पुढें गेल्यावर एक फूट चढ असला, तर प्रत्येक टनामागें वीस किलोंचा जादा भार इंजिनास मागें खेंचतो. सपाटीवर लागणाऱ्या जोराच्या तो कित्येक पट असतो. म्हणून लोहमार्गाचा इंजिनियर डोंगरावर थेट चढत नाहीं. तो टेंकडीस वळसा घालतो, उंचवटा खोदतो, दरींत भराव घालतो, आणि कांहींच उपाय न चालल्यास बोगदा पाडतो. मुंबई-पुण्याच्या प्रवाशांस परिचित असलेल्या बोरघाटांत चढ सदतीसांस एक इतका आहे व तेथें गाडीस मागून जादा इंजिनें लावावीं लागतात. ओटागोच्या या वाटेवर चढ पन्नासांस एक याहून तीव्र नाहीं. माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो वजन धरलें, तर अशा चढावर त्यास मागें ओढणारा जोर अवघा दोन किलोंचा भरतो.

इंजिनाच्या या दुबळेपणाचा लाभ आज माणसाच्या दुबळेपणास मिळतो. क्लाइडपासून वेडरबर्नजवळील ६१८ मीटर उंचीच्या सर्वोच्च बिंदूपर्यंत सायकलस्वार सुमारे साडेचारशे मीटर चढतो, पण हा चढ सुमारे सत्तर किलोमीटरांवर पसरलेला आहे. कित्येकांना आपण चढत आहोंत हें डोळ्यांना कळतच नाहीं. पायांना मात्र कळतें. नवखा स्वार प्रथम चाकांत वारा कमी झाला असावा अशी शंका घेतो, उतरून चाक दाबून पाहतो आणि मग मागें वळून पाहिल्यावर आपण केवढें वर आलों हें त्याच्या ध्यानांत येतें. साठी-सत्तरी उलटलेलीं माणसें, शाळकरी मुलें, वर्षांनुवर्षें सायकलला हात न लावलेले गृहस्थ, हे सर्व या वाटेवर दिसतात तें याच कारणानें. घाईचे लोक ही वाट दोन दिवसांत संपवितात. बहुतेक जण चार-पांच दिवस घेतात. रोज वीस-पंचवीस मैल चालवावें, दुपारीं एखाद्या गांवांत विसावा घ्यावा, संध्याकाळीं पुढच्या गांवीं मुक्काम करावा, असा क्रम असतो. सामान मोटारीनें पुढें पाठविण्याची सोय आहे.

क्लाइड सोडल्यावर पहिल्या टप्प्यांत वाट अलेक्झांड्रा गांवाकडे जाते. हा न्यूझीलंडमधील सर्वांत कोरडा मुलूख. अलेक्झांड्रास वर्षाकांठीं सुमारे चौदा इंचच पाऊस पडतो. उघड्या खडकांचे उभे सुळके आणि त्यांच्या पायथ्याशीं माजलेलें रानटी थाइम, म्हणजे ओव्याच्या जातीचा वास असलेलें एक झुडूप, हें येथील दृश्य. उन्हांत तापलेल्या त्या झुडपांचा दर्प सायकलवरून जातांना सतत नाकांत भरतो. मोटारीच्या बंद कांचेंतून तो कळणें शक्य नाहीं. ओमाकाउ गांवाच्या अलीकडे टायगर हिल नांवाचा उंचवटा लागतो. येथें लोहमार्ग सरळ न चढतां मोठा फेर घेऊन वर जातो. आणखी पुढें मॅन्युहेरिकिया नदीवरील शंभर मीटरांहून लांब पूल आणि त्यानंतर पूलबर्न खिंड.

पूलबर्न हा या वाटेवरील सर्वांत नाट्यमय भाग. दोन बोगदे आणि त्यांच्यालगत खोल दरीवरचा, सुमारे ३७ मीटर उंचीचा पूल. पुलाचे खांब याच डोंगरांतील दगड घडवून रचलेले आहेत. दोन्ही बोगदे दोनशे मीटरांहून लांब असून मध्यभागीं इतका अंधार असतो कीं, दिव्यावांचून आंत शिरूं नये अशी सूचना प्रवाशांना केली जाते. पुष्कळ जण येथें उतरून सायकल हातीं धरून चालतात. बाहेरचें ऊन एका क्षणांत नाहींसें होऊन गार, ओलसर हवा अंगावर येते. खडीवरील चाकांचा आवाज भिंतींवरून परत येऊन मोठा होतो. टांचेखालचा प्रत्येक फूट माणसांनीं हातानें फोडलेला आहे, हें इतिहासाच्या पुस्तकांपेक्षां या अंधारांत अधिक पटतें.

खिंड संपल्यावर ओटुरेहुआ नांवाचें चिमुकलें गांव येतें. येथें अर्नेस्ट हेज यांनीं १८९५ मध्यें सुरू केलेला अवजारांचा कारखाना आज वारसा म्हणून जतन केलेला आहे. शेताच्या कुंपणाची तार ताणण्याचें त्यांचें यंत्र दूरवर प्रसिद्ध झालें. त्या मालाची मागणी मिळविण्यास प्रारंभीं त्यांच्या पत्नी हॅना हेज सायकलवर बसून, पायघोळ झगा सांवरीत, दूरदूरच्या शेतांवर जात असत. तेव्हां येथें आगगाडी पोंचलीहि नव्हती. ज्या मुलखांत आज सायकलस्वार करमणुकीसाठीं येतात, तेथें एका स्त्रीनें चरितार्थासाठीं सायकल चालविली होती.

यापुढें मॅनिओटोटोचें विस्तीर्ण पठार पसरलेलें आहे. येथें वाट मैलोगणती सरळ जाते आणि येथेंच प्रवाशांचीं मतें भिन्न होतात. कोणाला हा भाग कंटाळवाणा वाटतो. कोणाला त्याच मोकळेपणाची ओढ लागते. वारा समोरून असला तर सपाटीवरहि पाय भरून येतात, कारण भरावावरून जाणाऱ्या वाटेस झाडाचा किंवा डोंगराचा आडोसा नाहीं. उन्हाळ्यांत ऊन भाजून काढतें. हिवाळ्याची थंडी तर जीवघेणी. वाटेपासून थोड्याच अंतरावरील ऑफिर गांवीं जुलै १९९५ मध्यें तपमान शून्याखालीं २१.६ अंशांपर्यंत उतरलें होतें. म्हणून सायकलस्वारांचा ओघ वसंत ते शरद या ऋतूंत असतो. मार्गांत रेल्वेच्या जुन्या टोळीवाल्यांच्या खोपटांसारखीं लहान निवाऱ्याचीं घरें बांधलेलीं आहेत. त्यांतील फलकांवर त्या त्या ठिकाणचा इतिहास लिहिलेला आहे. प्रवाशांना एक पुस्तिका मिळते आणि जुन्या स्टेशनांच्या जागीं ते तिच्यावर शिक्का मारून घेतात. मोठीं माणसेंहि हे शिक्के मुलांच्या उत्साहानें गोळा करतात.

हाइड गांवापुढें मात्र ही हौस थोडी निवते. ४ जून १९४३ रोजीं येथील एका खोदाईच्या वळणावर अतिवेगानें आलेली उतारूंची गाडी रुळांवरून घसरली. गाडींत ११३ माणसें होतीं. त्यांपैकीं २१ मृत्यु पावलीं. आज त्याच खोदाईतून सायकली जातात, आणि जवळच मृतांचें स्मारक आहे. वळण किती साधें दिसतें, हें सायकलवरून पाहिल्यावर मनास अधिक लागतें.

आतां गांवांकडे वळूं. वाट खुली होण्यापूर्वीं तिला सर्वांत मोठा विरोध कोणाचा झाला असेल, तर तो लगतच्या अनेक शेतकऱ्यांचा. त्यांचे आक्षेप अवाजवी नव्हते. परकीं माणसें फाटकें उघडीं टाकतील व मेंढ्या पसार होतील, उन्हाळ्यांत कोणाच्या निष्काळजीपणानें वाळल्या गवतास आग लागेल, घराच्या अंगणापर्यंत अनोळखी नजर येईल, आणि ज्या जमिनीच्या दोन्ही बाजूंस आपलीं शेतें आहेत ती पट्टी आपणांस मिळावयाची सोडून फिरणारांच्या वांट्यास जाईल, असें त्यांचें म्हणणें होतें. मेंढ्यांच्या भावांत पोळलेल्या माणसाला सायकलवाल्यांनीं आपला मुलूख सांवरेल हें ऐकून हंसूं आलें असल्यास नवल नाहीं. फाटकें, कुंपणें आणि नियम यांच्या योगें कांहीं शंका मिटल्या. उरलेल्या अनुभवानें मिटत गेल्या. मोटारीचा प्रवासी हें पठार दीड-दोन तासांत ओलांडून निघून जातो आणि गांवाला त्याच्यापासून धुळीखेरीज कांहीं मिळत नाहीं. सायकलस्वाराचा वेग ताशीं दहा मैल. त्याला भूक लागते, तहान लागते, रात्रीं अंथरूण लागतें. आगगाडीच्या पाण्याच्या व कोळशाच्या गरजेप्रमाणें ठराविक अंतरावर वसलेलीं हीं गांवें त्याच्या थकव्याच्या अंतराशीं नेमकीं जुळलीं. जुन्या खानावळींना गिऱ्हाईक मिळालें. रिकाम्या घरांत पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. कित्येक शेतकरी कुटुंबांनींच बिछाना-न्याहारीची सोय सुरू केली. हा धंदा हंगामी आहे, हिवाळ्यांत मंदावतो, आणि मेंढ्यांची किंवा फळांची जागा तो घेऊं शकत नाहीं. पण गांव टिकण्यास पुष्कळदां थोडीशीच भर पुरते.

ओटागोच्या यशानें न्यूझीलंडभर अशा वाटांची कल्पना रुजली, आणि २००९ मध्यें सरकारनें राष्ट्रीय सायकलमार्गांसाठीं पांच कोटी डॉलर मंजूर केले. मात्र या सर्वांच्या मुळाशीं जी गोष्ट होती ती सहज विसरली जाते. लोहमार्ग सरकारी असल्यामुळें जमीन एकाच हातीं होती, आणि ती तुकडे न पाडतां दुसऱ्या एका हातीं गेली. तसें न झालें तर काय होतें, याचा दाखला क्लाइडच्या पलीकडेच आहे. क्लाइड ते क्रॉमवेल हा जुना लोहमार्ग १९९२-९३ मध्यें धरण भरलें तेव्हां जलाशयाखालीं गेला. त्याच खोऱ्यांतून सायकलवाट काढण्यासाठीं पुढें कड्यांना लोखंडी पूल टांगावे लागले, आणि ती वाट २०२१ मध्यें खुली झाली. ती रम्य आहे. पण आगगाडीचा सौम्य चढ तेथें नाहीं.

इंग्लंडमध्यें १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारों मैल लोहमार्ग बंद झाले, आणि बहुतेक जमीन तुकड्यातुकड्यांनीं विकली गेली. पूल पाडले गेले, खोदाया बुजविल्या, त्यांवर घरें उठलीं. ब्रिस्टल ते बाथ हा तेरा मैलांचा मार्ग मात्र वांचला. १९७९ पासून स्वयंसेवकांनीं त्यावर वाट घातली व ती १९८६ मध्यें पूर्ण झाली. अमेरिकेंत अडचण निराळी होती. तेथें कित्येक लोहमार्गांची जमीन रेल्वे कंपनीच्या मालकीची नसून तिच्यावर केवळ वहिवाटीचा हक्क होता. मार्ग सोडून दिला कीं तो हक्क संपून जमीन शेजारच्या मालकाकडे परत जाई. यावर १९८३ मध्यें अमेरिकन काँग्रेसनें कायदा केला कीं, पुढें केव्हां तरी आगगाडीस लागेल म्हणून मार्ग जणूं पेढींत ठेव ठेवावी तसा राखून ठेवतां यावा आणि दरम्यान त्यावरून लोकांनीं चालावें. १९९० मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें हा कायदा वैध ठरविला. पण जमीनमालकास भरपाई मागण्याचा मार्गहि मोकळा ठेवला. आणि २०१४ मध्यें वायोमिंग संस्थानांतील एका खटल्यांत, मार्ग रीतसर सोडून दिलेला असल्यानें, त्याच न्यायालयानें जमीनमालकाच्या बाजूनें निकाल दिला. म्हणजे हा प्रश्न केवळ फुरसतीच्या सायकलसफरीचा नाहीं. सार्वजनिक वाट आणि खाजगी शेत यांच्यामधील सीमेचा तो प्रश्न आहे आणि दोन्ही पक्षांजवळ न्यायाचा कांहीं अंश आहे.

लोहमार्गाची पट्टी बनविण्यास एका पिढीचे श्रम लागतात. ती मोडण्यास एक खरेदीखत पुरतें. शेंकडों मालकांच्या जमिनींतून सलग, सौम्य चढाची वाट नव्यानें मिळविणें आज बहुतेक देशांत जवळजवळ अशक्य झालें आहे. म्हणून एखादा मार्ग बंद पडतो तेव्हां ‘यावरून आतां काय धांवेल?’ हा प्रश्न दुय्यम होय. त्याचें उत्तर दहा वर्षांनीं सुचलें तरी चालतें. ओटागोंत तें सुचावयास व साकार व्हावयास नेमकीं दहा वर्षें लागलीं. पहिला प्रश्न एवढाच कीं, उत्तर सुचेपर्यंत ती जमीन अखंड राखण्यास कोण पुढें येतो. तेथें एक सरकारी खातें आणि मूठभर गांवकरी पुढें आले. पूलबर्नचे दगडी खांब बांधणाऱ्या मजुरांच्या स्वप्नांतहि सायकल नव्हती. पण त्यांचें काम मोडूं न देणाऱ्या माणसांमुळें त्या खांबांवरून आजहि माणसें ये-जा करीत आहेत.